चाराच्या जागी सात

मी : बाबा, वेबसाइटवरचा आपला फोन नंबर तुम्ही मुद्दाम चुकीचा टाकलाय का?

बाबा : हे पोतं धर. तोंड उघडं ठेव. पोत्याचं, तुझं नव्हे.

मी : बाबा, मी खरंच विचारतेय.

बाबा : आणि मी खरंच हे पायांचे साचे पोत्यात भरतोय. धर.

मी : धरलं. आता सांगा, हो की नाही? माझ्या तिघी मैत्रिणींनी पैज लावलीय, की हा प्रश्न तुमच्या तोंडावर विचारायची माझी हिंमतच होणार नाही. विचारला तर जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या माझ्या सगळ्या आकृत्या त्या काढून देणार. बेडकाच्या हृदयासकट.

बाबा : विचारलास. जिंकलीस. जा, बेडूक घेऊन ये.

मी : उत्तर न्यावं लागतं! नुसता प्रश्न विचारून चालत नाही, तसं ठरलंय आमच्यात.

बाबा : चुकीचा कसा असेल? दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीने साइट केली, नंबरही त्यांनीच टाकला.

मी : शेवटून दुसरा आकडा बघा. आपला चार आहे. तिथे सात आहे.

बाबा : नीट बघितलंस?

मी : नीट? फोन लावला आम्ही! काल, शाळा सुटल्यावर, जिन्यात बसून, चौघींनी, स्पीकरवर. मी त्यांना माझी नवी साइट दाखवत होते, ती गोल फिरणाऱ्या बुटाची. तर एकीने 'फोन करा'वर बोट ठेवलं. आई उचलेल आणि गंमत होईल म्हणून. आणि उचलला कुठल्यातरी भलत्याच आजींनी.

बाबा : म्हणजे तुझ्या साइटवर चुकीचा आहे.

मी : माझ्या साइटवर चुकीचा आहे कारण मी तो कंपनीच्या साइटवरून जसाच्या तसा उचलला!

बाबा : घरच्या दुकानाचा नंबर तुला पाठ नाही?

मी : कुणाला पाठ असतो हो हल्ली? 'दुकान' असं लिहिलेलं असतं, दाबायचं.

बाबा : हं. तो साचा असा नको. टाच खाली, चवडा वर. लाकूड आहे, टवका उडतो.

मी : कुणाचा हा?

बाबा : उंच मास्तरांचा. डावा. तळाला पेन्सिलीने लिहिलंय बघ.

मी : आणि हा पण पोत्यात? मास्तर तर दर वर्षी नवा जोड नेतात!

बाबा : मास्तर गेले गं. मागच्याच वर्षी.

मी : ...मला कुणी सांगितलं नाही.

बाबा : तू परीक्षेत होतीस. दे इकडे.

मी : बाबा, बुधवारी खरंच तो रॅक येणार?

बाबा : येणार. दोन भिंती भरून. तयार बूट, सहा नंबर ते अकरा नंबर. माणूस आत येईल, घालून बघेल, घेऊन जाईल. मला कुणाचा पाय मांडीवर घ्यायला नको.

मी : पण आपल्याकडे येणाऱ्यांचे पाय सहा ते अकरात बसतच नाहीत ना! एक पाय सात नंबरी, दुसरा साडेआठ. एक आखूड, एक आत वळलेला. मी वर्गात सगळ्यांना हेच सांगते, माझे बाबा असे बूट करतात जे कुठल्याही दुकानात मागून मिळत नाहीत.

बाबा : सांग की. पूर्वी महिन्याला दहा-बारा नवे पाय यायचे. या दोन वर्षांत मिळून किती आले, माहितीये?

मी : किती?

बाबा : अकरा. दोन वर्षांत. लोकांना नकोय आता हे. थांबायला वेळ नाही कुणाला.

मी : दोन वर्षांत. बाबा, आणि साइट किती वर्षांपूर्वी झाली म्हणालात?

बाबा : पोतं नीट धर.

मी : हाताने दाखवा नुसतं.

बाबा : त्या वेळी दवाखान्यांत ठेवायची कार्डंही त्यांनीच छापून दिली. सगळीकडे तीच वाटली आपण. हाडांच्या डॉक्टरांकडे, साखरेच्या डॉक्टरांकडे.

मी : त्याच नंबराची?

बाबा : असेल. त्याच कागदावरून छापली.

आई : काय चाललंय बाहेर? साचे मोजून भरा म्हटलं होतं, सभा भरवा असं नव्हतं म्हटलं. आणि ए भोंगा, तुझा आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जातोय. माझं मशीन चालू असून मला ऐकू येतोय.

मी : आई, तू पण ऐक! त्या आजींचं पुढचं तर मी अजून सांगितलंच नाही. मी म्हटलं, सॉरी, राँग नंबर. तर त्या म्हणाल्या, बुटासाठी का गं बाळ? म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, तुझ्याआधी चौतीस झाले.

बाबा : चौतीस काय?

मी : फोन! चौतीस वेळा, बाबा. सुरुवातीला म्हणे त्या रागवायच्या, दाणकन ठेवून द्यायच्या. मग एकदा एक बाई फोनवर रडायलाच लागली. तेव्हापासून त्या प्रत्येकाचं लिहून ठेवतात. कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला. म्हणाल्या, बूटवाले कधी सापडले तर द्यावं म्हणून. मी सगळं उतरवून घेतलं, भौतिकशास्त्राच्या वहीत, मागून. पाऊण तास! तिघींचे रिक्षावाले काका वैतागले.

बाबा : वाच.

मी : सगळं?

बाबा : वाचता येईल तेवढं वाच.

मी : "एक गृहस्थ. दोन पायांत दीड नंबराचा फरक. साइटवर जोड एकाच मापाचा घ्यावा लागतो, म्हणून दोन जोड घेऊन दोन बूट टाकून द्यायचे का, असं विचारत होते." हे बघा, म्हणजे त्या कंपनीच्या साइटवर 'माप निवडा' म्हणून सहा, सात, आठ, नऊ! आपल्या दुकानाला! कुणी ठेवलं हे?

बाबा : त्यांचं सगळ्यांना तेच असतं. चपलांना तेच, शर्टांना तेच. मी म्हटलं होतं त्याला. तो म्हणाला, साहेब, हा भाग काढता येत नाही, दुकान म्हटलं की माप येतं. पुढे वाच.

मी : "एक मुलगी, आवाजावरून शाळेतली. टाचेची जाडी बुटाच्या आतून देता येईल का? बाहेरून मुलींना दिसते." ...बाबा, ही माझ्याच वयाची असेल.

बाबा : येते देता आतून. दोन सेंटीमीटरपर्यंत. पुढे.

मी : "एक बाई. वडिलांना उठता येत नाही, पाय सुजलेले, बूट नकोत, घरातल्या घरात घालायला काहीतरी हवं." मग, "कोणीतरी. काही बोललं नाही. खोकला. ठेवला." हे असं तीनदा आहे. आजी म्हणतात तिन्ही वेळा माणूस तोच, खोकला ओळखीचा झालाय.

बाबा : चौतीस.

मी : आणि हे फक्त त्यांना लागलेले. आठवड्यातले दोन दिवस आजी लेकीकडे असतात, तेव्हा फोन बंद.

बाबा : त्या कंपनीवाल्याला आत्ता फोन लावतो. रविवार असला तरी लावतो. दोन वर्षं! दोन वर्षं मी इथे बसून म्हणतोय, माझ्याच हाताला काहीतरी झालं असेल. लोकांपर्यंत गेलं असेल, याच्याकडे जाऊ नका. आणि या माणसाने एक आकडा धड...

आई : त्याला काही बोलू नका.

बाबा : का नको?

आई : त्याने छापायच्या आधी कागद पाठवला होता. तपासून सही करा म्हणून. तुम्ही हॉस्पिटलात त्या बाईंजवळ होता. मी तपासला.

बाबा : मग?

आई : मग काय? सात दिसला मला. सही केली.

(बाबा हातातला साचा पोत्यात टाकत नाहीत, खालीही ठेवत नाहीत.)

मी : आई?

आई : काय आई? बारा वर्षं तो फोन माझ्या खिशात आहे. भाजी चिरताना आहे, तुझ्या शाळेच्या सभेत आहे, तापात आहे. लोक फोन करतात ते काही आनंदाने करत नाहीत गं. ज्याला आपल्या पायाची लाज वाटते, ज्याचा पाय दुखतो, ज्याच्या आईचा पाय काळा पडलाय, तो फोन करतो. आणि पलीकडे मी. रोज. यांना फोनवर 'हं' सोडून दुसरा शब्द येत नाही, म्हणून मी.

बाबा : ते कंडक्टरबाईंच्या वेळचं आहे ना?

मी : कोण कंडक्टरबाई?

बाबा : वरच्या फळीवर एकच साचा राहिलाय बघ. उजवा. तो त्यांचा. तो पोत्यात नाही भरायचा.

आई : तू सातवीत होतीस. बसवर कंडक्टर होत्या त्या, दिवसभर उभं राहायचं काम. साखरेने पाय बधिर झालेला. बूट टोचतोय हे त्यांना कळायचंच नाही. दुकानात येणं जमेना, म्हणून पायाचा कागदावर काढलेला आकार फोनने फोटो काढून पाठवला. तेव्हा या कंपनीच्या आधीची साइट होती, तुझ्या मामाने केलेली. तिच्यावर फोटो चढवायची सोय होती. केवढं कौतुक होतं आपल्याला त्या सोयीचं!

बाबा : फोटोवरून मी कापलं. फोटो तिरका होता. एवढंसंच, चवड्याशी सहा मिलिमीटर. चांगल्या पायाला फोड आला असता, दोन दिवस लंगडला असता माणूस. त्यांना कळलंच नाही. जखम झाली, चिघळली. दोन बोटं काढावी लागली.

आई : यांनी जाऊन पाय धरले त्यांचे, नवे बूट करून दिले. त्या बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण त्यांची बहीण रोज फोन करायची. सकाळी दहाला. शिव्या देत नव्हती, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती सांगायची, आज एवढं ड्रेसिंग झालं, आज ताप आला. एकोणीस दिवस. आणि विसाव्या दिवशी तो कागद आला सहीला. मी म्हटलं, असू दे सात. जुन्या लोकांकडे आपला खरा नंबर आहेच. नवं कुणी नको. थोडे दिवस नको. मग बदलू.

बाबा : मग बदलला का नाहीस?

आई : एक आकडा बदलायला कंपनीला अर्ज करायचा, मग ते विचारणार कसा चुकला, मग तुम्ही विचारणार. आणि खरं सांगू का? फोन वाजेनासा झाला, तर मला झोप लागायला लागली.

बाबा : मला सांगायचंस.

आई : तुम्ही धड जेवत तरी होता का तेव्हा? साच्यांच्या तळाला कानस मारत बसायचात दिवसभर. काय सांगणार होते?

बाबा : हं.

आई : आला 'हं'.

मी : बाबा, आई, थांबा, थांबा. कुणीच रागावू नका. मी आहे ना! माझी साइट तयार आहे! फोटोबिटो नाहीच तिच्यात. पाय कॅमेऱ्यासमोर धरायचा, ती आपोआप मोजते. मी दोन महिने खपलेय, सगळ्या मधल्या सुट्ट्या घातल्यात. आत्ता जगात जे सगळ्यात नवीन चाललंय ना, त्यात केलीय. थांबा, दाखवते. बाबा, चप्पल काढा. पाय इथे, या फरशीवर. हलू नका. हलू नका म्हणते ना! हं. पंचवीस पॉइंट नऊ.

बाबा : माझा पाय सव्वीस पॉइंट सहा आहे. गेली तीस वर्षं.

मी : असं कसं? मैत्रिणींच्या पायांवर बरोबर आलं होतं. म्हणजे, सरासरी काढली तर.

बाबा : सरासरी पाय कुणाचा असतो बाळा? सात मिलिमीटर खाल्ले तुझ्या यंत्राने. कंडक्टरबाईंचे सहाच होते.

मी : ते सुधारता येईल मला. थोडं शिकावं लागेल.

आई : नाही तर ते रॅकवाले देणार आहेतच की साइट. रॅकबरोबर येते म्हणे, फुकटात. तयार. काही बघावंच लागत नाही.

मी : आई, ती परत तीच! सहा ते अकरा, माप निवडा, टोपलीत टाका! त्यात आपण आपलं एक वाक्यही टाकू शकत नाही. आणि नंबर चुकला की परत अर्ज.

आई : मग तुझी घ्या. फिरणारा बूट. मला तर बघून चक्कर आली.

मी : तुला एकटीलाच नाही. त्या आजींना मी काल लिंक पाठवली. त्यांचा फोन जुना आहे, काच तडकलेली. म्हटलं बघा, किती छान. दीड मिनिट काही नाही. मग म्हणाल्या, बाळ, अर्धा बूट आलाय, उरलेला कधी येईल?

बाबा : (हसून) काय म्हणाल्या?

मी : हसू नका! मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. आणि आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंनाही दाखवली होती परवा. मला वाटलं नाचतील त्या. त्यांनी एकच विचारलं, तू दोन वर्षांनी कॉलेजला गेलीस की यातलं एक वाक्य कोण बदलेल? मी म्हटलं, मी घरी येऊन बदलेन. म्हणाल्या, बरं. एवढंच. 'बरं.' तुमच्या 'हं'सारखं.

आई : शहाणी आहे बाई.

मी : आई, लोक फोनवर विचारतात तरी काय गं?

आई : अकरा प्रश्न. बारा वर्षांत बारावा आला नाही.

मी : सांग ना.

आई : आता? अस्तर अर्धं राहिलंय माझं. बरं, लिही. पाय कागदावर कसा काढायचा? जाड कागद फरशीवर, पेन्सिल सरळ उभी, आडवी केली की पाय बारीक होतो. माणूस उभा राहत असेल तर उभं करून, नाहीतर बसवून, पण भार पायावर हवा. कधी काढायचा? संध्याकाळी, दिवसभराची सूज आलेली असते तेव्हा. एकच पाय वाकडा असला तरी दोन्ही काढायचे. मोजे घालून काढू नका. कागद घडी घातलेला चालतो, कापलेला चालत नाही. फोटो चालत नाही. फोटो का चालत नाही, हा पाचवा प्रश्न.

मी : हळू, हळू! तू श्वास तरी घे.

आई : श्वास कशाला? झोपेत म्हणते मी हे. सहावा, एकच बूट करून मिळेल का? मिळेल. सातवा, किती दिवस लागतात...

मी : आई, आणि सगळ्यात पहिल्यांदा काय विचारतात? फोन उचलल्या उचलल्या?

आई : पहिल्यांदा काहीच नाही. गप्प असतात. मग विचारतात, तुम्हीच ते बूट करता का? मग म्हणतात, माझ्या ओळखीत एकजण आहेत, त्यांच्यासाठी विचारायचं होतं.

मी : ओळखीत?

आई : स्वतःचा पाय आहे असं पहिल्या फोनला कुणी म्हणत नाही. तुझे उंच मास्तरसुद्धा नव्हते म्हणाले. 'माझ्या एका सहकाऱ्याचा डावा पाय' म्हणाले होते. मी पण आपलं त्यांना 'सहकाऱ्यांना घेऊन या' म्हटलं. एकटेच आले.

बाबा : हे मला माहीत नव्हतं.

आई : तुमच्याकडे येईपर्यंत त्यांचा मोजा निघालेला असतो. त्याआधीचं सगळं माझ्याकडे.

बाबा : ती वही दे इकडे. त्या आजींनी लोकांचे नंबर लिहिलेत का?

मी : एकोणीस जणांचे. बाकीचे नाही.

बाबा : एकोणिसांना मी करतो फोन.

आई : तुम्ही?

बाबा : मी.

आई : आणि म्हणाल काय? हं?

बाबा : म्हणेन, मी बूटवाला बोलतोय, उशीर झाला. पुढचं ते बोलतील. त्या शाळेतल्या मुलीला आधी करतो. आतून टाच देता येते, एवढं तर मला सांगता येईल.

मी : म्हणजे बुधवारचा रॅक?

बाबा : महिनाभर थांबा म्हणून सांगतो त्यांना. महिनाच. उगाच उड्या मारू नकोस, फरशीवर खिळे आहेत. एकोणिसांतले चार जरी आले, तरी बघू. नाहीच आले तर रॅक. माझेही गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत.

आई : आणि खरा नंबर टाकलात की? ते चौतीस, आणि त्यांच्या मागचे सगळे, परत माझ्या खिशात? मी आत्ताच सांगते, रागाने नाही सांगत. माझ्याच्याने नाही होणार. मी सही केली ती चूक केली, कबूल. पण मला ते आवाज आता नाही ऐकवत. एखाद्याला नसेल जमत, तर नसेल जमत.

बाबा : नको. तुझ्यावर नको आता.

आई : मग काय? नंबर टाकला तर मी मेले, नाही टाकला तर दुकान मेलं.

मी : लिहिलेलं वाचायला जमेल का तुला? कुणी बोलणार नाही, फक्त लिहून पाठवेल.

आई : लिहिलेलं वाचायला काय आहे? दोन वेळा वाचता येतं. चहा पिऊन उत्तर देता येतं. आणि आपला आवाज कापला तरी कुणाला कळत नाही.

मी : आणि एक वाक्य बदलायचं असेल साइटवर, तर तुला बदलता येईल? मी शिकवलं तर? अगदी आपण निरोप टाइप करतो तेवढंच.

आई : तेवढंच असेल तर येईल. माप, टोपली, फिरणं, असलं काही असेल तर मला बोलावू नकोस.

बाबा : काय चाललंय तुझ्या डोक्यात? एवढी गप्प मी तुला तिसरीतल्या कांजिण्यांनंतर बघितली नाही.

मी : एक मिनिट. फोनवरून काहीतरी काढून टाकतेय.

आई : काय काढतेस?

मी : फिरणारा बूट. गेला. कॅमेरा पण गेला. दोन महिने गेले, पण त्याचं मी नंतर कधीतरी एकटीने रडून घेईन, आत्ता नाही. आता दोघं नीट ऐका, मधे बोलायचं नाही. रॅकचं तुमचं तुम्ही ठरवा, साइटचं मी ठरवलंय. साधी पानं. अक्षरं आणि तीन चित्रं, बस. त्या आजींच्या तडकलेल्या फोनवर श्वास घ्यायच्या आत उघडली पाहिजेत, आधी त्यांनाच पाठवणार. माप निवडायचं नाही, टोपली नाही, फोटो चढवायची सोय नाही. आईचे अकरा प्रश्न आणि आईचीच उत्तरं, तिने आत्ता म्हटली तश्शी, पेन्सिल सरळ उभी वगैरे. मी माझं एकही वाक्य घालणार नाही. खाली आपला पत्ता, कागद पोस्टाने पाठवायला. त्याच्याखाली लिहायला एक रिकामी चौकट. आणि फोन नंबर नाही. चार पण नाही, सात पण नाही. आणि अगदी वर, कुणी काही विचारायच्या आधी, गप्प असतात ना ते तेव्हा, तिथे एकच ओळ टाकणार आहे: 'ओळखीतल्या कुणासाठी विचारत असाल, तरी चालेल.'